अल्कलाइन संकुलांतला बायोटाइट ग्रॅनाइट : याला नेमकं कोणत्या गटात बसवायचं?

तळखडक (धागाकर्ता)

अल्कलाइन (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या) खडकांच्या संकुलांची चर्चा निघाली की ती निळसर काळा रीबेकाइट, हिरवा एजिरीन, युडियलाइटसारखी दुर्मिळ खनिजं यांच्याभोवतीच फिरत राहते. बायोटाइट, म्हणजे काळं अभ्रक असलेल्या ग्रॅनाइटची नोंद बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. पण नकाशा समोर ठेवला तर कित्येक संकुलांत सर्वांत जास्त जागा यानेच व्यापलेली दिसते. नायजेरियातल्या जोस पठारावरचे ‘यंगर ग्रॅनाइट’ घ्या, कोलोरॅडोतला पाइक्स पीक बॅथोलिथ (खोलवर गोठलेला प्रचंड पिंड) घ्या, नाहीतर नॉर्वेच्या ऑस्लो रिफ्टमधला ड्रामेन ग्रॅनाइट घ्या. तिन्ही प्रदेशांत सोडियमने समृद्ध असे पेरअल्कलाइन (सोडियम-पोटॅशियम मिळून अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त असलेले) खडक आहेत आणि तिन्हीकडे बायोटाइट ग्रॅनाइटही भरपूर आहे.

धागा काढायचं कारण असं की याच्या वर्गीकरणात एक घाई होते आणि ती मला खटकते. बायोटाइट दिसला की अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त असं धरायचं, अ‍ॅल्युमिना जास्त म्हणून शिलारस (वितळलेला खडक) पृथ्वीच्या कवचातला ठरवायचा आणि कवचातला म्हणून शेजारच्या अल्कलाइन शिलारसाशी त्याचा संबंध नाही असं लिहून मोकळं व्हायचं. या साखळीतल्या प्रत्येक कडीला वेगळा पुरावा लागतो. तो गोळा न करताच शेवटच्या कडीपर्यंत पोचलेली वर्णनं मी खूप वाचली आहेत.

‘बायोटाइट ग्रॅनाइट’ हे क्षेत्रकामातलं नाव आहे. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या जोडीला मुख्य गडद खनिज कोणतं, एवढंच ते सांगतं. खडकात अ‍ॅल्युमिना आणि अल्कली (सोडियम, पोटॅशियम) यांचं प्रमाण काय, हा रासायनिक प्रश्न झाला. शिलारस आला कुठून, हा उगमाचा प्रश्न. आणि आज दिसणारा बायोटाइट शिलारसातच वाढला की नंतर गरम द्रवांनी घडवला, हा चौथा प्रश्न, जो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. माझं मत असं की अल्कलाइन संकुलात बायोटाइट ग्रॅनाइटला नाव देण्याआधी त्यातल्या बायोटाइटचीच नीट चौकशी करावी : तो कणांच्या कुठल्या जागेत बसलाय, त्यात लोह किती, अ‍ॅल्युमिनियम किती, आणि त्याचे शेजारी कोण.

ज्यांना संकुलांची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही संकुलं पुष्कळदा जुन्या ज्वालामुखींची मुळं असतात. वरचा डोंगर झिजून गेलेला असतो, खाली उरतात रायोलाइटचे तुकडे, गोलाकार वलय-भित्ती (भेगांत शिरून गोठलेल्या खडकाच्या भिंती) आणि मधोमध एकात एक घुसलेले ग्रॅनाइट. नायजेरियात अशी पन्नासहून जास्त संकुलं आहेत आणि त्यांचं वय उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी होत जातं, साधारण २१ कोटी वर्षांपासून १४ कोटी वर्षांपर्यंत. उत्तरेला नायजर देशात एअर पर्वतातली अशीच संकुलं तर त्याहूनही कितीतरी जुनी आहेत.

जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी. मतभेद असतील तर ते जरूर मांडा.

---

गारगोटी

विषय आवडला. एक अगदी प्राथमिक शंका विचारते. पेरअल्कलाइन म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम मिळून अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त, इतकं समजलं. बायोटाइट हे अभ्रक, म्हणजे त्यात अ‍ॅल्युमिनियम असणारच. मग ज्या संकुलात अ‍ॅल्युमिनियमचीच टंचाई आहे तिथे अभ्रक तयार होतं कसं? तुम्ही म्हणता ती ‘घाई’ मला तरी स्वाभाविक वाटते.

---

तळखडक

@गारगोटी, प्रश्न मुद्द्याचा आहे आणि उत्तर बायोटाइटच्या सूत्रातच आहे.

बायोटाइट हे एकच खनिज नाही, तो मिश्रणांचा एक पट्टा आहे. लोहाच्या टोकाला अ‍ॅनाइट आणि मॅग्नेशियमच्या टोकाला फ्लोगोपाइट. अ‍ॅनाइटच्या एका सूत्रात पोटॅशियमचा एक अणू, लोहाचे तीन आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक. म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम एकास एक. ऑर्थोक्लेज फेल्डस्पारमध्येही नेमकं हेच प्रमाण असतं. त्यामुळे अ‍ॅनाइट स्फटिकला म्हणून शिलारसात जादा अ‍ॅल्युमिना होता असं ठरत नाही. फेल्डस्पार दिसल्यावर आपण तसं म्हणतो का?

आता याच पट्ट्याचं तिसरं टोक पाहा, सिडरोफिलाइट. त्यात पोटॅशियमच्या एका अणूमागे अ‍ॅल्युमिनियमचे तीन. असा बायोटाइट मोठ्या प्रमाणात असेल तर मात्र जादा अ‍ॅल्युमिनाबद्दल बोलायला जागा आहे. लिथियम वाढत गेला की पुढे झिनवाल्डाइट या लिथियमयुक्त अभ्रकाकडे वाटचाल होते. अल्कलाइन संकुलांतल्या ग्रॅनाइटचे बायोटाइट सहसा अ‍ॅनाइट आणि सिडरोफिलाइट यांच्या दरम्यान, लोहाने गच्च भरलेले सापडतात. डोळ्यांना दोन्ही काळीच पानं. फरक विश्लेषणात कळतो.

आणखी एक गोष्ट. संकुल अल्कलाइन म्हटलं म्हणजे त्यातला प्रत्येक खडक पेरअल्कलाइन असतो असं नाही. अ‍ॅल्युमिना सोडियम-पोटॅशियमपेक्षा जास्त, पण कॅल्शियम धरला तर कमी, अशा मधल्या पट्ट्याला शँडच्या वर्गीकरणात मेटाअल्युमिनस म्हणतात. बरेचसे बायोटाइट ग्रॅनाइट या पट्ट्यात किंवा त्याच्या वरच्या काठावर, किंचित पेरअल्युमिनस (कॅल्शियम धरूनही अ‍ॅल्युमिना जास्त) बाजूला असतात. टोकाचे पेरअल्युमिनस, ज्यात कॉर्डिएराइट किंवा मोठमोठे गार्नेट दिसतात, तसे इथे सहसा भेटत नाहीत.

---

भिंगातून

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते सांगतो, कारण तळखडक यांचा ‘बायोटाइट कुठल्या जागेत बसलाय’ हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

सर्वसाधारण, अल्कलाइन गटात न बसणाऱ्या (कॅल्क-अल्कलाइन) ग्रॅनाइटच्या थिन सेक्शनमध्ये, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ कापात, बायोटाइटची पानं आपापल्या नीट कडा घेऊन असतात, कधी प्लेजिओक्लेजच्या (सोडियम-कॅल्शियमच्या फेल्डस्पारच्या) पोटातही सापडतात. म्हणजे तो लवकर स्फटिकला. अल्कलाइन संकुलातल्या ग्रॅनाइटमध्ये पुष्कळदा चित्र उलटं असतं. आधी पर्थाइटचे (पोटॅश आणि सोडियम फेल्डस्पार एकमेकांत गुंतलेल्या स्फटिकाचे) मोठे ठोकळे, मग गोलसर क्वार्ट्झ, आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या वाकड्यातिकड्या फटींत बायोटाइट. स्वतःचा आकार नाही, जागा मिळेल तसा पसरलेला. याचा अर्थ शिलारस सुरुवातीला कोरडा होता. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ बाहेर पडत गेले तसं उरलेल्या रसात पाणी आणि फ्लोरीन साचत गेलं, आणि अभ्रकाला लागणारं पाणी पुरेसं झालं ते अगदी शेवटी.

एका नमुन्याचं वर्णन देतो. साध्या ध्रुवित प्रकाशात पान मंचावर फिरवलं की रंग फिक्या गवती पिवळ्यापासून जवळजवळ अपारदर्शक तपकिरी-काळ्यापर्यंत जातो. इतका गडद की जाड सेक्शनमध्ये तो धातुक खनिजच वाटेल. पानात झिरकॉनचे बारीक दाणे आणि प्रत्येकाभोवती किरणोत्साराने काळवंडलेलं वर्तुळ. पापुद्र्यांच्या फटींत जांभळट फ्लोराइटचे ठिपके. कडेला हिरव्या क्लोराइटची (बायोटाइट बिघडून होणाऱ्या खनिजाची) सुरुवात. फ्लोराइट आणि फटींत बसलेला गडद बायोटाइट ही जोडी एकत्र दिसली की मी त्या खडकाचे शेजारी शोधायला लागतो. जवळपास सायनाइट (क्वार्ट्झ नसलेला किंवा अगदी कमी असलेला फेल्डस्पारचा खडक) किंवा रीबेकाइट ग्रॅनाइट असण्याची शक्यता बरीच असते.

हातातल्या नमुन्यावर मात्र घाई करू नये. बारीक कणांच्या खडकात रीबेकाइट आणि बायोटाइट दोन्ही काळेच दिसतात. सुईच्या टोकाने टोचून पाहावं : बायोटाइटचा लवचिक पापुद्रा उचलला जातो, रीबेकाइटचा (तो अँफिबोल गटातला) कण तुकडे होऊन फुटतो.

फेल्डस्पारही बोलतो. टटल आणि बोवेन यांनी १९५८ मध्ये केलेली विभागणी इथे अजूनही उपयोगी पडते. एकच पर्थाइट फेल्डस्पार असेल तर खडक हायपरसॉल्व्हस, म्हणजे तापमान जास्त, पाणी कमी. अल्बाइट (सोडियम फेल्डस्पार) आणि मायक्रोक्लिन (पोटॅश फेल्डस्पार) वेगवेगळे असतील तर सबसॉल्व्हस, पाणी जास्त. एकाच संकुलात हायपरसॉल्व्हस फायालाइट (लोहमय ऑलिव्हिन) ग्रॅनाइट आणि सबसॉल्व्हस बायोटाइट ग्रॅनाइट दोन्ही भेटतात. कॉर्सिकातल्या पर्मियन वलय-संकुलांवर बोनां यांनी केलेलं काम याच फरकाभोवती उभं आहे.

---

प्रस्तर

@भिंगातून, फायालाइटचा उल्लेख केलात म्हणून त्यामागची अभिक्रिया लिहितो, कारण तिच्याने बरंच कोडं सुटतं.

अ‍ॅनाइट आणि क्वार्ट्झ एकत्र तापवले की फायालाइट, सॅनिडिन (पोटॅश फेल्डस्पार) आणि पाणी मिळतं. उलट दिशेने, फायालाइट आणि पोटॅश फेल्डस्पार असलेल्या रसात पाणी वाढलं आणि तापमान उतरलं की अ‍ॅनाइट आणि क्वार्ट्झ. म्हणजे फायालाइट ग्रॅनाइट आणि बायोटाइट ग्रॅनाइट हे दोन वेगळ्या जातींचेच खडक असायला हवेत अशी सक्ती नाही. एकाच घडणीच्या रसाला पाणी कमी-जास्त मिळालं तरी दोन्ही संभवतात. फ्लोरीन मिळाला तर तो अभ्रकातल्या हायड्रॉक्सिलची जागा घेतो आणि अभ्रक आणखी वरच्या तापमानाला टिकतं.

ऑक्सिजनचाही हात आहे. यूगस्टर आणि वोन्स यांनी १९६२ मध्ये आणि पुढे वोन्स आणि यूगस्टर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की बायोटाइटमधलं लोह-मॅग्नेशियमचं प्रमाण हे तापमान, पाणी आणि ऑक्सिजनची सक्रियता यांच्याशी बांधलेलं असतं. परिस्थिती ऑक्सिडीकारक झाली तर लोह मॅग्नेटाइटमध्ये जातं आणि उरलेला बायोटाइट मॅग्नेशियमकडे झुकतो. अल्कलाइन संकुलांतला अ‍ॅनाइटकडे झुकलेला बायोटाइट म्हणजे रस बऱ्यापैकी क्षपणकारक (ऑक्सिजनची सक्रियता कमी असलेला) होता आणि त्यात मॅग्नेशियम मुळातच नगण्य उरला होता.

---

सारणी

मी रासायनिक वर्गीकरणाकडून येते. नावं देण्याआधी लोक आलेखांवर बिंदू टाकतात आणि तिथेच गोंधळ वाढतो, म्हणून जरा सविस्तर.

१९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट यांनी ग्रॅनाइटचे आय (अग्निजन्य खडक वितळून झालेले) आणि एस (गाळाचे खडक वितळून झालेले) असे दोन प्रकार केले. १९७९ मध्ये लॉइझेल आणि वोन्स यांनी ए-टाइप (अल्कलीकडे झुकलेला, कोरडा) मांडला. १९८७ मध्ये व्हेलन आणि सहकाऱ्यांनी त्याला मोजमाप दिलं : गॅलियमचं अ‍ॅल्युमिनियमशी गुणोत्तर दहा हजाराने गुणून २.६ च्या वर, आणि झिर्कोनियम, नायोबियम, सेरियम, इट्रियम यांची बेरीज ३५० पीपीएमच्या (दशलक्षात ३५० भागांच्या) वर. अल्कलाइन संकुलातला बायोटाइट ग्रॅनाइट या दोन्ही कसोट्यांवर सहज उतरेल अशी आपली अपेक्षा असते. बऱ्याचदा उतरतोही.

अडचण सुरू होते ती खूप विकसित (स्फटिकीकरणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या) नमुन्यांत. वॉटसन यांनी १९७९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की पेरअल्कलाइन रसात झिरकॉन (झिर्कोनियमचं खनिज) प्रचंड प्रमाणात विरघळतो, आणि अल्कलीचं अ‍ॅल्युमिनियमवरचं आधिक्य वाढेल तसा आणखी विरघळतो. अ‍ॅल्युमिना पुरेसा असलेल्या रसात मात्र तो लवकर संपृक्त होतो आणि बाहेर पडतो. मग असं होतं की एकाच संकुलातल्या रीबेकाइट ग्रॅनाइटमध्ये झिर्कोनियम शेकड्यांनी, प्रसंगी हजारांनी पीपीएम, आणि शेजारच्या बायोटाइट ग्रॅनाइटच्या शेवटच्या, सर्वांत सिलिकामय भागात तो घसरत घसरत सामान्य ग्रॅनाइटच्या पातळीवर. बेरीज ३५० च्या खाली गेली की आलेख म्हणतो ‘हा ए-टाइप नाही’. पण तो बिंदू खाली सरकला झिरकॉन निघून गेल्यामुळे. त्याच नमुन्यात गॅलियमचं गुणोत्तर चढंच राहिलेलं असतं. उलट बाजूने, अतिविकसित आय-टाइप ग्रॅनाइटमध्येही गॅलियम चढतो आणि तो ए-टाइपच्या रकान्यात घुसतो. म्हणून एकट्या नमुन्याचा बिंदू टाकून निवाडा देऊ नये. संकुलातल्या कमी सिलिकाच्या खडकांपासून जास्त सिलिकाच्या खडकांपर्यंतचा अख्खा माग काढावा.

एबी यांनी १९९२ मध्ये इट्रियम-नायोबियम गुणोत्तराने ए-टाइपचे आणखी दोन गट केले. १.२ च्या खाली असेल तर महासागरी बेटांच्या बेसाल्टसारखा उगम, वर असेल तर कवचातला किंवा बेटकमानींच्या धर्तीचा. कल्पना चांगली आहे, पण बायोटाइट ग्रॅनाइटमध्ये कोलंबाइट (नायोबियमचं खनिज) स्फटिकला की नायोबियमचा हिशेब बदलतो. तेव्हा तेही जपूनच.

व्यक्तिशः मला फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांची २००१ ची पद्धत या कामाला जास्त प्रामाणिक वाटते. लोह-मॅग्नेशियम, अल्कली-कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिना संपृक्तता असे तीन निर्देशांक वेगवेगळे सांगायचे. उगमाचा दावा नावात आणायचाच नाही. अल्कलाइन संकुलातला बायोटाइट ग्रॅनाइट तिथे ‘फेरोअन, अल्कली-कॅल्सिक, मेटाअल्युमिनस’ अशा भाषेत (फेरोअन म्हणजे लोहप्रधान) येतो. कोरडी भाषा आहे, पण खोटं काही बोलत नाही.

---

कथील

खनिज शोधाच्या बाजूने दोन शब्द. आमच्यासाठी हा फरक पुस्तकी नाही.

जोस पठाराचंच उदाहरण पुढे नेतो. तिथलं कथील बायोटाइट ग्रॅनाइटशी बांधलेलं आहे. कॅसिटेराइट (कथिलाचं खनिज) खडकातून सुटून नद्यांच्या गाळात साचलं आणि बरंच खाणकाम या गाळातच झालं, काही ठिकाणी नंतरच्या बेसाल्टखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नदीपात्रांतही. जोस-बुकुरू संकुलातला रेफील्ड-गोना बायोटाइट ग्रॅनाइट कोलंबाइटसाठी प्रसिद्ध. तिथे कोलंबाइट खडकभर विखुरलेला असल्याने कुजून भुसभुशीत झालेला ग्रॅनाइटच खणून धुतला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगाला मिळणाऱ्या कोलंबाइटमध्ये नायजेरियाचा वाटा सर्वांत मोठा होता.

आता त्याच प्रदेशातलं रिरिवाई संकुल. तिथल्या काफो खोऱ्यात आर्फवेडसोनाइट (सोडियमचा अँफिबोल)-अल्बाइट ग्रॅनाइट आहे, पेरअल्कलाइन. नायोबियम तिथेही आहे, पण तो पायरोक्लोर या वेगळ्या खनिजात बसलाय, सोबत युरेनियम घेऊन. आणि त्याच संकुलातल्या बायोटाइट ग्रॅनाइटमध्ये ग्रायझनची (गरम द्रवांनी अभ्रक-क्वार्ट्झमध्ये बदललेल्या ग्रॅनाइटची) शीर आहे, तिच्यात कॅसिटेराइट आणि स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज). मूलद्रव्य एक, प्रदेश एक, पण अ‍ॅल्युमिना-अल्कलीचं पारडं कुठे झुकलं यावर खनिज बदललं. कोलंबाइटसाठी एक प्रक्रिया लागते, पायरोक्लोरसाठी दुसरी. नकाशावर दोन्हींना नुसतं ‘अल्कलाइन ग्रॅनाइट’ लिहिलं तर पुढच्या माणसाचं काम अडतं.

ब्राझीलमधल्या पितिंगा इथला मादेइरा ग्रॅनाइट आणखी बोलका. साधारण १८२ कोटी वर्षं जुना. त्यात अँफिबोल-बायोटाइट सायनोग्रॅनाइट आहे, बायोटाइट अल्कली-फेल्डस्पार ग्रॅनाइट आहे, आणि अल्बाइट ग्रॅनाइटचा असा एक भाग आहे की ज्याचा गाभा पेरअल्कलाइन, क्रायोलाइट असलेला, आणि कडा पेरअल्युमिनस. एकाच लहानशा पिंडात वर्गीकरणाची दोन्ही टोकं हजर.

---

अभ्रकपान

आतापर्यंतच्या चर्चेत ‘एकाच रसाचे दोन चेहरे’ हा सूर जास्त लागलाय. मला दुसरी बाजू मांडायची आहे.

पाइक्स पीक पाहा. वय १०८ कोटी वर्षं, क्षेत्र ३,००० चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याचा बहुतांश भाग गुलाबी, भरड बायोटाइट ग्रॅनाइट, पोटॅशियमकडे झुकलेला. त्यात छोटी छोटी सोडियमयुक्त अंतर्वेशनं : सायनाइट, फायालाइट ग्रॅनाइट, माउंट रोझाचा रीबेकाइट ग्रॅनाइट. तिथे काम केलेल्यांनी पोटॅशियम आणि सोडियम अशा दोन वेगळ्या मालिका मांडल्या. सोडियम मालिका प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) आलेल्या बेसाल्टी रसाच्या विभेदनाने (टप्प्याटप्प्याने स्फटिक वेगळे होण्याने) पटते. पण हजारो चौरस किलोमीटर बायोटाइट ग्रॅनाइट त्याच वाटेने करायचा तर त्याच्या कितीतरी पट बेसाल्ट लागेल, आणि मधले खडकही त्या प्रमाणात दिसायला हवेत. ते दिसत नाहीत. कवचातला टोनालाइटसारखा खडक वितळून तो झाला, हे स्पष्टीकरण आकारमानाच्या हिशेबात बसतं. उष्णता प्रावरणाची, माल कवचाचा.

नामिबियातला ब्रँडबर्गही असाच. साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीचा, मुख्य पिंड हॉर्नब्लेंड-बायोटाइट ग्रॅनाइटचा आणि नैर्ऋत्य काठाला आमिस संकुलाचा आर्फवेडसोनाइट ग्रॅनाइट. मोठा पिंड एका जातीचा, छोटा दुसऱ्या. हा नमुना इतक्या ठिकाणी सापडतो की दोन उगम मानणं मला जास्त सरळ वाटतं.

---

तळखडक

@अभ्रकपान, आकारमानाचा मुद्दा वजनदार आहे आणि पाइक्स पीकच्या बाबतीत मी तो मान्य करतो. माझी हरकत तो सगळीकडे लावण्याला आहे.

एक म्हणजे, ‘एक रस’ आणि ‘दोन रस’ यांच्यामध्ये मोठा प्रदेश आहे. प्रावरणातून आलेला अल्कलाइन रस कवचाच्या तळाशी थांबला, भोवतालचा खडक त्याने थोडा वितळवून पोटात घेतला, तर अ‍ॅल्युमिना आणि सिलिका वाढून तो पेरअल्कलाइन सीमेच्या अलीकडे येऊ शकतो. मग बायोटाइट स्फटिकतो. अशा खडकाला कवचातला म्हणायचं की प्रावरणातला? समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू, ज्यांवरून उगम ताडतात) मधलीच किंमत देतात.

आणि ती समस्थानिकं वाचतानाही जपावं लागतं. या ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम (जो किरणोत्साराने हळूहळू स्ट्रॉन्शियममध्ये बदलतो) खूप आणि स्ट्रॉन्शियम जवळजवळ नाही. गुणोत्तर इतकं टोकाचं की वयात थोडीशी चूक झाली किंवा नंतरच्या द्रवांनी रुबिडियम जरासा हलवला, तरी सुरुवातीचं स्ट्रॉन्शियम गुणोत्तर भलतंच निघतं. निओडिमियम आणि झिरकॉनमधलं हाफ्नियम यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

दुसरं, कथील यांनी ग्रायझनचा उल्लेख केलाय, तो इथे महत्त्वाचा आहे. ग्रायझन होताना फेल्डस्पार मोडतो, त्याजागी अभ्रक, क्वार्ट्झ, कधी टोपाझ येतो. सोडियम द्रवाबरोबर निघून जातो, अ‍ॅल्युमिनियम जागेवरच राहतो. अशा खडकाचं विश्लेषण केलं तर तो ठळक पेरअल्युमिनस येणारच. हा गुण शिलारसाचा नव्हेच, नंतरच्या द्रवांनी तो दिलेला असतो. उलट अल्बाइटीकरण झालं, म्हणजे द्रवांनी फेल्डस्पारच्या जागी अल्बाइट आणला, तर सोडियम वाढतो. बाउडन आणि किनेर्ड यांनी नायजेरियात हेच वर्षानुवर्षं दाखवलं, की सोडियमचा टप्पा, मग पोटॅशियमचा, मग आम्ल टप्पा अशी द्रवांची पाळी चालते आणि प्रत्येक टप्प्यात अभ्रकही बदलतं. तेव्हा दोन उगम सिद्ध करायला निघालेल्याने आधी आपला नमुना ताजा आहे हे सिद्ध करावं.

---

गारगोटी

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. राजस्थानातल्या सिवाना आणि जालोरबद्दल कुणी सांगेल का? मालाणी संचात हे दोन्ही येतात असं वाचलंय.

---

प्रस्तर

येतात, आणि या धाग्यासाठी ते अगदी नेमकं उदाहरण आहे. मालाणी अग्निजन्य संच साधारण ७५ कोटी वर्षांपूर्वीचा, रायोलाइटचा अफाट विस्तार आणि त्यात घुसलेले ग्रॅनाइट. सिवाना हे वलय-संकुल, रीबेकाइट आणि एजिरीन असलेला पेरअल्कलाइन ग्रॅनाइट, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांसाठी तिथे बरंच संशोधन झालंय. त्याच्या दक्षिणेला जालोरचा ग्रॅनाइट : बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड असलेला, मेटाअल्युमिनस ते किंचित पेरअल्युमिनस. दोन्ही एकाच काळातल्या, प्लेटच्या अंतर्भागातल्या घडामोडीचे मानले जातात. जालोरचा खडक एकटा पाहणाऱ्याला तो साधा गुलाबी ग्रॅनाइट वाटेल. सिवाना शेजारी ठेवल्यावरच त्याचं लोहाचं आधिक्य आणि अल्कलीचं प्रमाण डोळ्यांत भरतं.

---

नकाशाकार

एवढं सगळं वाचल्यावर माझा व्यावहारिक प्रश्न. नकाशाच्या सूचीत लिहायचं काय? तिथे निओडिमियमचा निबंध लिहिता येत नाही.

---

सारणी

@नकाशाकार, आधी स्ट्रेकायझेनच्या क्यूएपीएफ (क्वार्ट्झ, अल्कली फेल्डस्पार, प्लेजिओक्लेज, फेल्डस्पॅथॉइड) आकृतीतलं मूळ नाव ठरवा. क्वार्ट्झ २० ते ६० टक्के, आणि एकूण फेल्डस्पारमध्ये प्लेजिओक्लेज १० टक्क्यांहून कमी असेल तर अल्कली-फेल्डस्पार ग्रॅनाइट, १० ते ६५ असेल तर ग्रॅनाइट. इथे एक खाच आहे. ज्या अल्बाइटमध्ये अ‍ॅनॉर्थाइट (कॅल्शियमचा घटक) ५ टक्क्यांपर्यंतच आहे तो अल्कली फेल्डस्पारमध्ये मोजायचा. अल्कलाइन संकुलातल्या सबसॉल्व्हस ग्रॅनाइटमधला अल्बाइट पुष्कळदा असाच निघतो. तो प्लेजिओक्लेज म्हणून मोजला की अख्खा खडक एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. त्यामुळे अल्बाइटची घडण तपासल्याशिवाय नाव पक्कं करू नका.

मग गडद खनिजं जोडा, कमी असलेलं आधी, जास्त असलेलं नावाच्या जवळ. ‘हॉर्नब्लेंड-बायोटाइट ग्रॅनाइट’ म्हणजे बायोटाइट जास्त. पेरअल्कलाइन हे विशेषण क्षारीय अँफिबोल किंवा पायरॉक्सीन प्रत्यक्ष असेल तिथेच. ए-टाइप हा शब्द सूचीत नकोच, तो वर्णनात जाऊ द्या. मी लिहिलं असतं : ‘बायोटाइट अल्कली-फेल्डस्पार ग्रॅनाइट, सबसॉल्व्हस, फ्लोराइटयुक्त, अमुक संकुल’.

---

भिंगातून

सहमत. फक्त ‘हायपरसॉल्व्हस की सबसॉल्व्हस’ हे सूचीत घालायचं असेल तर एकाच सेक्शनवर विसंबू नये. पर्थाइट नंतरच्या द्रवांनी मोडून मायक्रोक्लिन आणि अल्बाइट वेगळे झालेलेही सापडतात. कणांच्या सीमेवर अल्बाइटची दातेरी किनार असेल तर तो बहुधा मागाहूनचा.

---

अभ्रकपान

बायोटाइटच्या विश्लेषणावरून शिलारसाचा प्रकार ओळखण्याची अब्देल-रहमान यांची १९९४ ची पद्धत कुणी वापरली आहे का? लोह, मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिना यांवरून अल्कलाइन, कॅल्क-अल्कलाइन आणि पेरअल्युमिनस असे तीन गट पडतात. अल्कलाइन गटाच्या बायोटाइटमध्ये लोह-मॅग्नेशियम ऑक्साइडांचं सरासरी गुणोत्तर ७ च्या आसपास, पेरअल्युमिनसमध्ये साडेतीन, कॅल्क-अल्कलाइनमध्ये पावणेदोन. दोन उगमांच्या माझ्या मुद्द्याला ती कितपत टिकेल?

---

प्रस्तर

पद्धत उपयोगी आहे, पण ती रसाची जात सांगते, रसाचा पत्ता सांगत नाही. पाइक्स पीकसारखा कवच वितळून झालेला, पण क्षपणकारक आणि लोहमय बायोटाइट ग्रॅनाइटही अल्कलाइन गटातच पडेल. त्यामुळे तुमच्या मुद्द्याच्या बाजूनेही ती बोलणार नाही आणि विरोधातही नाही. एकाच संकुलातले दोन ग्रॅनाइट एकमेकांशी ताडून पाहायला मात्र ती फार चांगली.

वापरताना दोन पथ्यं. पानाच्या मधोमध आणि कडेला वेगवेगळी मोजणी घ्या. मध्य अ‍ॅनाइटकडे आणि कड सिडरोफिलाइटकडे जात असेल तर रस बदलत गेला किंवा कडेला द्रवांनी हात लावला, आणि दोन्हींची सरासरी काढली तर हा सगळा इतिहास पुसला जातो. आणि प्रत्येक मोजणीत पोटॅशियम आधी पाहा. ताज्या बायोटाइटमध्ये पोटॅशियम ऑक्साइड साधारण साडेआठ ते साडेनऊ टक्के असतं. ते सात-आठच्या खाली गेलं असेल तर पापुद्र्यांत क्लोराइट शिरलाय, तो बिंदू आलेखावर टाकू नका. झिरकॉनभोवतीच्या काळ्या वर्तुळात तर मोजणीचा इलेक्ट्रॉन बीम ठेवूच नका.